मनगटापासून मनगटापर्यंत

जेवणाच्या टेबलावर पाखरं उतरली आणि आमच्या घरातली माणसं जमिनीवर बसून जेवू लागली. पाखरं कागदी होती, पण त्यांना उठवायची कोणाची छाती नव्हती, कारण ती आत्याची होती. चौकडीच्या कागदाचे ताव एकाला एक चिकटवून आत्याने टेबलाच्या दोन्ही टोकांना लोंबेल एवढा पट्टा केला होता आणि पेन्सिलीने एकेक चौकोन भरत त्यावर एक थवा काढला होता. स्वेटरच्या पाठीचा नमुना होता तो. डाव्या मनगटावरून लांब मानेची पाखरं उठतात, हातावरून चढत खांद्यावर येतात, पाठीवर आभाळ मोकळं मिळतं तिथे पंख पसरतात, दुसऱ्या खांद्यावरून पुढे निघतात, आणि जाता जाता लहान होत जातात. उजव्या मनगटाशी शेवटचं पाखरू उरतं ते एका टाक्याएवढं. एक चौकोन, बस्. तो भरताना आत्याच्या हातातून पेन्सिल पुन्हा पुन्हा गळत होती, आणि आम्ही कोणी ती उचलून दिलेली तिला चालत नव्हती.

आत्याची बोटं आखडली होती. ज्या बोटांनी निम्म्या शहराला सुया धरायला शिकवलं, ती आता कपाचा कान धरतानाही विचार करत. हा थवा तिच्या मनात माझ्या जन्माच्या आधीपासून होता म्हणे. आज विणू, उद्या विणू, आधी वर्गातल्या पोरींचं होऊ दे, असं करता करता थवा राहिला आणि हात गेले. डॉक्टरांनी सांगितलं की आता सुया विसरा. आत्याने सुया विसरायचं कबूल केलं, पण एका अटीवर, आणि ती अट डॉक्टरांना न घालता मला घातली.

"हा एकदा कोणाच्या तरी पाठीवर बघायचाय मला," ती म्हणाली. "कागदावरचं पाखरू उडत नाही, राजा. माणसाने हात हलवला की मग ते उडतं."

आता विणणाऱ्या बायकांना काही तोटा नव्हता. आत्याच्या वर्गातल्या शिष्या गावोगावी आहेत, काही समुद्रापलीकडे आहेत, आणि बाईंनी हाक मारली तर हातातलं भांडं खाली ठेवून सुया उचलतील अशा आहेत. तो वर्ग मी लहानपणी दाराआडून पाहिलेला आहे. सुयांची टकटक चाललेली असायची आणि तिच्यावर आत्याचं गुणगुणणं तरंगत असायचं:

सुई सुईशी बोलते, धागा मधून ऐकतो,
उलटा टाका सुलट्याला पाठीवरती घेतो.

वर्गाला नियम एकच होता. नमुना सांगेल ते विणायचं, नमुन्याला प्रश्न विचारायचा नाही. डोकं चपलांपाशी काढून ठेवा आणि मग आत या, असं आत्या सांगे, आणि मोठमोठ्या शिकलेल्या बायका खरोखरच चपलांकडे एकदा बघून आत येत. हा नियम नीट लक्षात ठेवावा अशी वाचकांना विनंती आहे. मी ठेवला नाही.

प्रश्न होता तो नमुना सगळ्यांकडे पोचवायचा कसा. मोबाइलने फोटो काढला, तर पूर्ण थवा घेतला की पाखरांच्या मुंग्या होत, आणि जवळून घेतला की एकाच पाखराची चोच येई. आत्याला ते पसंत नव्हतं. थवा एका नजरेत दिसला पाहिजे, नाहीतर विणणारीला कळणार कसं की आपण कुठून कुठे चाललोय, असं तिचं म्हणणं.

इथे माझा मेहुणा कथेत येतो. तो न बोलावता येतो हे त्याचं वैशिष्ट्य आहे. बायकोचा धाकटा भाऊ, काम मोबाइलच्या दुकानात, आणि जगातल्या कुठल्याही दुःखावर त्याच्याकडे ॲप असतं. त्याने पाखरांवर एक नजर टाकली आणि सांगून टाकलं की याचं ॲप काढायचं. बोट लावलं की पुढचा टाका दिसेल, चुकला की टुणटुण वाजेल. जग खिशात गेलंय, भाऊजी, तुम्ही अजून टेबलावरच आहात. माझा डेस्कटॉप संगणक त्याला मुळीच आवडत नाही. तो त्याला कपाट म्हणतो. आला की विचारतो, काय भाऊजी, कपाटात काय नवीन?

मला त्या संगणकाचा अभिमान आहे. त्याचा पडदा रुंद आहे, इतका की त्याच्यासमोर बसलं की मान डावीकडून उजवीकडे न्यावी लागते, खिडकीतून रस्ता बघावा तशी. एका नजरेत थवा दाखवायचा तर आभाळही तेवढंच लागणार, हे मी मेहुण्याला शांतपणे समजावलं. म्हणजे मला तरी तो आवाज शांत वाटला. बायकोने मधे येऊन दोघांनाही सांगितलं की तुम्ही वेबसाइट करा, ॲप करा, नाहीतर पतंग करा, पण मला माझं टेबल परत द्या. तेव्हा असं ठरलं की मेहुण्याने ॲप करावं, मी वेबसाइट करावी, आणि ज्याचं आधी होईल त्याचं आत्याने मानावं.

मला वेबसाइट करता येते का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. माझाही विचारायचा राहिला.

पण काळ चमत्कारांचा आहे. कोड म्हणून जी काय वेलांटी-काना असलेली मंत्रविद्या असते ती अजिबात न लिहिता वेबसाइट उभी करून देणारं एक साधन असतं, हे मला कळलं, आणि पहिल्या दिवशी त्या साधनासमोर मी अक्षरशः हात जोडून बसलो. डावीकडे खोक्यांची रांग असते. एक खोका माउसने उचलायचा, पांढऱ्या पानावर आणायचा आणि सोडायचा. सोडला की तो तिथे राहतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. मी नगरपालिकेच्या नकाशा विभागात नोकरी करतो. आमच्याकडे कोणाला घरातली भिंत चार बोटं सरकवायची असेल तर त्या भिंतीला आधी सगळ्या टेबलांवरून फिरून यावं लागतं, आणि ती परत येईपर्यंत घरात नातवंडं झालेली असतात. इथे मी भिंती उचलत होतो, ठेवत होतो, पुन्हा उचलत होतो, आणि कोणाला विचारून, असं कोणी म्हणत नव्हतं. झालेलं न झालेलं करणारं एक बटणसुद्धा होतं. ते दाबून मी एक खोका कितीदा आणला आणि घालवला याला गणती नाही. बायको मागे उभी राहून बघत होती. हे बटण घरात कुठे बसवून मिळेल का, एवढंच तिने विचारलं आणि ती आत गेली. कशाच्या संदर्भात, हे मी विचारलं नाही.

पेन्शनर काका वरच्या मजल्यावर राहतात आणि सल्ले खाली आणून देतात. वेबसाइट म्हणजे रस्त्यावरची जागा, तेव्हा समोरून रुंदी किती मिळतेय ते आधी बघा, असं त्यांनी सांगितलं. रात्री तिला कुलूप कोण लावणार, याचीही त्यांना काळजी होती. कुलूप नसतं, ती रात्रंदिवस उघडी असते, असं सांगितल्यावर ते जिन्यात बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले की पाखरांसाठी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी येऊन मात्र एक पत्रक छापून दारोदार वाटावं, असं त्यांनी सुचवलं.

आता नमुना संगणकात घ्यायचा होता. एवढा लांब कागद सरळ गिळणारं एकच यंत्र मला ठाऊक होतं, आमच्या कचेरीतलं, इमारतींचे नकाशे घेणारं. मी रीतसर अर्ज केला. खाजगी कामासाठी विनामूल्य वापर नको, फी भरतो, असंही लिहिलं. विषयाच्या ओळीत काय लिहावं यावर अख्खी दुपार गेली. शेवटी लिहिलं: पाखरांचा नकाशा यंत्रातून काढून मिळणेबाबत.

आवक टेबलावरच्या माणसाने विचारलं, बांधकाम कुठलं? मी म्हटलं, स्वेटर. त्याने न हसता विचारलं, मजले किती? नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही म्हणून शेजारच्या टेबलाने कागद परत केला, तेव्हा मी पहिल्या पाखराच्या शेपटीपाशी पेन्सिलीने एक छोटा बाण काढून दिला. घरी गेल्यावर तो खोडायचं मनात होतं. मग कागद साहेबांपुढे गेला. आमचे साहेब कडक आहेत, लोकांच्या गच्च्या त्यांच्या एका सहीवर कोसळतात. त्यांनी टेबल मोकळं करायला लावलं आणि पट्टा उलगडला. त्यांचं बोट डाव्या मनगटावरून निघालं, खांद्यावर आलं, पाठीवर आलं, पुढे पुढे जात शेवटच्या चौकोनाशी थांबलं.

हा डाग आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पाखरूच आहे साहेब, लांब गेलंय. साहेब खिडकीकडे बघत बसले. मग त्यांनी अर्जावर शेरा मारला, "सदर पक्ष्यांस या कार्यालयाची हरकत नाही," आणि मला जाताना दार लावून घ्यायला सांगितलं.

पण हरकत नसली तरी शिक्का लागतोच. शिक्केवाल्याने कागद यंत्रात घालायच्या आधी पाठीच्या मधोमध, जिथे आत्याने आभाळ मोकळं सोडलं होतं, बरोबर तिथे कचेरीचा गोल शिक्का उमटवला. माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत त्यावर फुंकरही घालून झाली होती.

घरी आलो तर साधनाने तो पट्टा घ्यायला नम्रपणे नकार दिला. चित्र फार मोठं आहे, असं तांबड्या अक्षरांत लिहून आलं. पण हार मानायची माझी इच्छा नव्हती, कारण मेहुणा त्याच वेळी सोफ्यावर बसून त्याचं ॲप करत होता आणि मधूनमधून सुस्कारे टाकत होता. मी संगणकातच पट्ट्याचे पाच सारखे तुकडे केले. डावा हात, डावा खांदा, पाठ, उजवा खांदा, उजवा हात. पाच खोके आणले, एकाशेजारी एक ठेवले, मधली फट शून्य केली, आणि तुकडे एकेका खोक्यात सोडले. सांधा दिसेना. कुठे एक आभाळ संपलं आणि दुसरं लागलं ते मलाच कळेना. मी उठून आत्याला हाताला धरून घेऊन आलो.

ती पडद्यासमोर बसली. तिने थवा कागदावर काढला होता, पण टेबलाभोवती फिरत, वाकून, तुकड्या तुकड्याने काढला होता. समोर उभा केलेला, मागून उजेड असलेला, तिने तो कधी पाहिलाच नव्हता. तिची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे गेली. मग ती परत डावीकडे आणून तिने पुन्हा नेली. तिचे ओठ हलत होते, टाके मोजत असावी. मी खुर्चीच्या पाठीमागे उभा होतो. आपण हलवलेल्या पाच खोक्यांमधून असं काही उडून जाऊ शकतं, हे नकाशा विभागातल्या माणसाला पेलणारं नव्हतं.

"आला रे," ती म्हणाली. "एका नजरेत आला."

मग तिने विचारलं की हा चंद्र कोणी टाकला. तो चंद्र नसून शिक्का आहे, त्याच्या कडेने नगरपालिकेचं नाव आहे, आणि तो पुसायचं बटण मला अजून सापडलेलं नाही, हे मी सांगितलं. पाखरांचा सगळा प्रवास बघून झाल्यामुळे ती खुशीत होती. राहू दे, म्हणाली, थव्याला उजेड लागतोच. बाण मात्र मी तिच्या लक्षात येऊ दिला नाही.

मेहुण्याच्या ॲपचं काय झालं तेही सांगायला हवं. ॲप थेट लोकांच्या खिशात जात नाही, आधी ते तपासणाऱ्यांकडे जातं, आणि तपासणी चालू आहे एवढंच कळवलं जातं. ही पद्धत ऐकून मला आमच्या विभागाची आठवण झाली आणि जगाबद्दल आपुलकी वाटली. शेवटी उत्तर आलं की या ॲपमध्ये पुरेसा उपयोग दिसत नाही. मेहुणा ते वाचून दाखवताना हसला, पण जेवला नाही. मी त्याला धीर दिला. आता मागे वळून बघता तो धीर मी जरा सविस्तर दिला असं वाटतं.

जाताना दारात चपला घालत तो म्हणाला, "भाऊजी, मोबाइलवर कसं दिसतंय ते तरी एकदा बघा."

साधनात त्यासाठी एक बटण होतं, त्यावर मोबाइलचं चिमुकलं चित्र होतं. मी ते रोज बघत असे, बोलणं टाकलेल्या नातेवाइकाकडे लग्नात बघावं तसं. ज्या पडद्यावर थवा मावतच नाही तिथे तो कसा दिसतो हे कशाला बघायचं. मी 'प्रकाशित करा' दाबलं. पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उडाले आणि माझं अभिनंदन झालं. नोकरीत माझ्यासाठी इतक्या वर्षांत कोणी कागदाचा कपटा उडवलेला नाही.

शिष्यांना पत्ता गेला आणि निरोप यायला लागले. आत्या मला ते वाचायला लावी. एकीने लिहिलं होतं की बाई, सुरुवात केली. दुसरीने लिहिलं, नमुना नेहमीपेक्षा वेगळा आहे, पण विणतेय. आत्या म्हणाली, वेगळा असणारच. दातांची डॉक्टर असलेली एक शिष्या, तिची सगळ्यांत लाडकी, रोज संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की खुर्चीत स्वतः बसून विणत असे. तिने कळवलं की काम छान वाढतंय, चांगलंच उंच होतंय. उंच हा शब्द माझ्या कानाला लागला. पण विणकामात वाढण्याला उंच म्हणत असतील अशी मी माझी समजूत घातली. कोणी लिहिलं, सुयांवरून उतरवून खुर्चीवर टाकला तर जमिनीला टेकला. आत्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पोरी हात राखून विणत नाहीत, असं ती बायकोला सांगायची.

मग एका रविवारी दुपारी तिने सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी तिने केस विंचरून घेतले, चांगली साडी नेसली, आणि खुर्ची खोलीच्या मधोमध, दाराकडे तोंड करून ठेवायला लावली, म्हणजे येणारी प्रत्येक जण आधी समोरून दिसेल आणि मग वळून पाठ दाखवेल. पेन्शनर काका बोलावलेले नसताना जिन्यावर येऊन उभे होते. चपलांचा ढीग झाला. पण आलेल्यांपैकी कोणीच स्वेटर घातलेला नव्हता. प्रत्येकीच्या काखेत एक गुंडाळी होती.

दातांची डॉक्टर पुढे झाली. तिने गुंडाळीचं टोक धरलं आणि सोडलं. गुंडाळी उलगडत गेली. आत्याच्या पायांवरून गेली, सोफ्याखाली शिरली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि चपलांच्या ढिगाला लागून थांबली. सगळ्यात वर डाव्या हाताची पाखरं होती. त्यांच्या खाली खांद्याची. त्यांच्या खाली पाठीची, चंद्रासकट, चंद्राच्या कडेने नगरपालिकेचं नावही टाक्यांत उतरलेलं, अगदी वाचता येईल असं. त्यांच्या खाली दुसरा खांदा आणि सगळ्यांत शेवटी, चपलांपाशी, ते एका टाक्याचं पाखरू. पहिल्या पाखराच्या शेपटीशी बाणही होता. बाकीच्यांनीही आपापल्या गुंडाळ्या सोडल्या. सगळ्या तशाच. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणी म्हणालं, आम्हाला वाटलं जिन्याचं पायपुसणं असेल. कोणाला पडदा वाटला होता. पेन्शनर काका दारातून म्हणाले की मफलर असेल तर जिराफासाठी बरा आहे.

मी डॉक्टरचा मोबाइल मागून घेतला आणि माझी वेबसाइट पहिल्यांदा तिथे पाहिली. पाच खोके होते. पण मोबाइलला ते शेजारी शेजारी बसवायला जागा नव्हती, म्हणून साधनाने मला न विचारता त्यांची उतरंड केली होती. माझं आभाळ कपाटातल्या खणांसारखं एकावर एक रचलेलं होतं. सगळ्या जणींनी ते मोबाइलवरच उघडलं होतं, आणि दिसलं तसं, चौकोन न् चौकोन मोजून, विणलं होतं.

मेहुणा माझ्या खांद्यावरून बघत होता. मग त्याने वाकून एका गुंडाळीचं टोक चपलांमधून सोडवलं. तो हसला असता तर मला सोसलं असतं.

मी आत्याला सगळं सांगितलं. बटण होतं, मी ते दाबलं नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती, नजर पट्ट्यावर. मग तिने शिष्यांना विचारलं की असा नमुना असतो का कधी, एकीलाही वाटलं नाही का विचारावं? डॉक्टर खाली बघत म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकवलंय."

आत्याने मान हलवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली की सुंदर विणलंय सगळ्यांनी, एक टाका सैल नाही, थंडीत अंगावर घ्या. आणि बायकोला म्हणाली, मला आत नेऊन बसव.

ती उठायला लागली. खुर्चीचा हात धरायला गेलेली तिची बोटं मिटली नाहीत, घसरली, आणि बायकोने तिला सावरलं. ते पाहिलं आणि मी जमिनीवर बसलो. माझ्यासमोर डॉक्टरचा पट्टा होता. पाच खण, एकाखाली एक, सारख्या मापाचे. त्यांच्याकडे बघता बघता माझा उजवा हात नकळत पुढे गेला. इतक्या दिवसांची सवय लागलेली. खोका माउसने उचलायचा, शेजारी आणायचा आणि सोडायचा. मी खालचा खण धरला आणि वरच्याच्या शेजारी ओढला. अर्थात तो आला नाही, पट्टा दुमडला तेवढा. पण दुमडल्यावर डाव्या हाताच्या पाखरांशेजारी डाव्या खांद्याची पाखरं येऊन बसली, आणि थवा एक पंखभर पुढे गेला.

आणि मी त्या घरात कधी कोणी केलं नव्हतं ते केलं. नमुन्याला प्रश्न विचारला.

"आत्या, हे खण सुटे करता येतात का?"

दोघीतिघींनी आपापले पट्टे उचलून छातीशी धरले. झालेलं विणकाम मधे तोडायचं म्हणजे काय ते मला नंतर समजावण्यात आलं. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मग दुमडलेल्या पट्ट्याकडे पाहिलं.

"येतात," ती म्हणाली. "एक धागा ओढायचा. बाकीचे आपोआप वाट देतात." मग शिष्यांकडे वळून म्हणाली, "सुया काढा."

त्यानंतर घर माझं राहिलं नाही. आत्या परत खुर्चीत बसली आणि तिथून हुकूम सोडू लागली. प्रत्येक पट्ट्यातून तिने एकेक खण निवडला. डावा हात समुद्रापलीकडून टपालाने आलेल्या पट्ट्यातला, डावा खांदा शाळेत शिकवणाऱ्या शिष्येचा, पाठ डॉक्टरची, पुढचं आणखी दोघींचं. कात्रीचं टोक एका टाक्यात जाई, धागा ओढला जाई, आणि वीण सुळकन दोन बाजूंना होई. प्रत्येक वेळी सगळ्या बायका श्वास रोखत आणि मीही रोखत असे. उघडे टाके पटकन सुईवर घेतले जात. मग खण जमिनीवर शेजारी शेजारी आले आणि गुडघ्यांवर बसलेल्या बायका दोन्हीकडून ते सांधू लागल्या. कोणीतरी हळूच ते सुई सुईशी बोलण्याचं गाणं धरलं, आणि बाकीच्या त्यात कधी मिसळल्या ते कळलं नाही. पेन्शनर काका खणांच्या कडा ताणून धरायच्या कामाला लागले होते. सल्ला त्यांच्याकडे शिल्लक नव्हता असं नाही, पण त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

आभाळाचा रंग आत्याने करडा सांगितला होता. पण करडा प्रत्येकीने आपापल्या दुकानातून घेतला होता. ते आत्ता, खण जोडल्यावर दिसलं. डाव्या हाताचं आभाळ पहाटेसारखं निळसर होतं, पाठीवर ते उजळत गेलं होतं, आणि उजव्या मनगटाकडे जाता जाता संध्याकाळ होत होती. आत्याने असं काही काढलं नव्हतं. माझ्या रुंद पडद्यावरही ते नव्हतं. बायको हात पुसत बाहेर आली होती ती हातात पंचा तसाच धरून बघत उभी राहिली.

स्वेटरचा पुढचा भाग साधा आहे, तो कोणालाही विणता येईल, असं आत्या म्हणाली. पण पाठ आत्ता बघायची. मग खोलीत हात मोजले गेले आणि सगळ्यांत लांब माझे निघाले. मला भिंतीकडे तोंड करून उभं करण्यात आलं. शर्टाच्या बाह्यांना, खांद्यांना, मनगटांना पाखरं टाचली गेली. दोन टाचण्या मलाही टाचल्या गेल्या, पण तक्रार ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. हात पसरायला सांगितलं. मी पसरले.

माझ्या नाकासमोर भिंत होती. भिंतीवर दिव्याचं बटण होतं आणि त्याच्या वर एक खिळा, ज्याला कधीकाळी काहीतरी अडकवलेलं असावं. बाकी मला काही दिसत नव्हतं. इतकी धावाधाव करून, साहेबांच्या सहीपासून कागदाच्या कपट्यांपर्यंत सगळं सोसून, थवा उडायच्या वेळी मी एका खिळ्याकडे बघत होतो. मागे मेहुण्याची पावलं वाजली. तो फोटो घ्यायला मागे सरकत होता, आणखी मागे, जिन्यापर्यंत गेला असावा, आणि मग म्हणाला की मावत नाही. थोड्या वेळाने म्हणाला, आडवा धरला की मावतंय.

"हलव," आत्या म्हणाली.

मी हात हलवले, सावकाश, वर आणि खाली. लोकर खांद्यांवरून सरकली, ऊबदार, आणि पाठीवर काहीतरी चालत गेल्यासारखं वाटलं. मागचं बोलणं थांबलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला, आणि त्या आवाजात इतकी माणसं गप्प उभी आहेत हे माझ्या पाठीला कळत होतं. कोणीतरी नाक ओढलं. ती बायको होती, तिचं नाक ओढणं मी ओळखतो.

मी हात हलवत राहिलो. खांदे भरून आले, मग दुखायला लागले, मग बधिर झाले. टाचणीच्या जागी खाज सुटली. बराच वेळ झाला तरी कोणी बस म्हणेना. शेवटी मी भिंतीलाच विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, घेऊ का खाली?"

"नको," ती म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा होता, उजव्या मनगटाच्याही पलीकडून. "अजून जातायत."